कुऱ्हाडीचे पोलाद

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपणां सर्वांना लहानपणापासून पाठ आहे. तिचा परिणाम असा झाला, की दांड्याची अपकीर्ती घरोघर पोचली आणि पात्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. आज आम्ही पात्याविषयी बोलणार आहो. त्यातही पाते कसे घडवितात याविषयी थोडे, आणि ते घडविण्यापूर्वी लोहार कोणता गज हातात घेतो व कोणता बाजूला टाकतो याविषयी अधिक. वसंतातल्या संध्याकाळी नगरवासी श्रोत्यांपुढे हा काय विषय काढला, असे कित्येकांना वाटेल. पण ज्या निवडीवर माणसाची पोटरी, हात आणि डोळा अवलंबून असतो, ती निवड मनुष्याने तीन हजार वर्षे कशी केली, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. आणि राजांच्या वंशावळींपेक्षा तो आम्हांला कमी महत्त्वाचा वाटत नाही.

या विषयाची गोडी आम्हांला लागली ती एका फजितीतून. पन्नासएक वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होतो. सरपण फोडण्यासाठी एक लहान कुऱ्हाड हवी होती. बाजारातली तयार कुऱ्हाड घेण्याऐवजी आम्ही तालुक्याच्या गावी जाऊन एका दुकानातून चांगला नवा, चकचकीत चौरस गज विकत आणला. ‘अस्सल पोलाद आहे,’ असे दुकानदाराने सांगितले होते. तो गज घेऊन आम्ही गावच्या लोहाराकडे गेलो. म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडले होते. त्याने उजव्या डोळ्याने गजाकडे पाहिले, टोक भट्टीत घातले, ते ठोकून बोटाएवढे पातळ केले, पुन्हा लाल केले आणि पाण्याच्या डोणीत बुडविले. मग ते ऐरणीच्या काठावर धरून हातोडा मारला. टोक मुकाट्याने वाकले.

‘मास्तर, हा वाकतो, तुटत नाही. कुंपणाला घाला. कुऱ्हाड नाही व्हायची याची.’

आम्ही शिकलेले! आम्ही त्याला समजावून सांगितले, की बाबा, वाकतो पण तुटत नाही याचा अर्थ तो चिवट आहे, आणि कुऱ्हाडीला चिवटपणाच हवा. शिवाय दुकानदाराने पोलाद म्हणून दिला आहे. म्हातारा हसला नाही. ‘तुमचा माल, तुमची मजुरी,’ एवढे म्हणून त्याने कुऱ्हाड घडवून दिली. दिसायला ती देखणी झाली होती. बाभळीच्या वाळक्या ओंडक्यावर चौथा घाव घातला तेव्हा तिची धार पत्र्यासारखी दुमडली, पाते घसरले आणि आमच्या नडगीपासून चार बोटांवर जमिनीत रुतले.

गंमत अशी, की दुकानदार खोटे बोलला नव्हता. तो गज पोलादच होता. मग लोहाराच्या पोलादात आणि दुकानाच्या पोलादात अंतर काय? याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पुष्कळ शतके मागे गेलो. ती वाट आता आपल्याला दाखवितो.

आपल्या मुलखातली धातूची कुऱ्हाड पहिल्याने तांब्याची होती. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, संगमनेरजवळ जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी सापडल्या, आणि १९५०-५१ साली डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनी तेथे उत्खनन केले. ती संस्कृती इसवी सनापूर्वी सुमारे १४०० च्या पुढची. या कुऱ्हाडींना नेढे नाही. म्हणजे दांडा घालायला भोक नाही. पाते दांड्याला बांधावयाचे. आणि तांबे हा धातू असा, की त्यात निवड करण्याजोगे फारसे नसते. थंडपणी ठोकले की थोडे कठीण होते, तापविले की मऊ पडते, संपला हिशेब.

निवडीचा प्रश्न लोखंडाबरोबर आला. विदर्भातील महापाषाणीय शिळावर्तुळांत, टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड या ठिकाणी, लोखंडाच्या कुऱ्हाडी पुष्कळ मिळाल्या. त्यांचीही पाती चपटीच असून दांड्याशी पकडून ठेवण्यासाठी त्यांवर लोखंडाच्या आडव्या पट्ट्या आवळलेल्या आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच उघडी झाली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपास सांगतात. माहूरझरीची एक छिन्नी धातुशास्त्रज्ञांनी तपासली, ती पोलादाची निघाली. नागपूरच्या परिसरातला तो जुना कारागीर ‘कर्ब’ हा शब्द जाणत नव्हता. पण कोणत्या तुकड्याला धार लागते हे तो जाणत होता, एवढे त्या छिन्नीवरून दिसते.

आता येथे जरा शास्त्र सांगितले पाहिजे, म्हणजे पुढचे समजेल. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात कोळशातला कर्ब थोडा मुरला की ते पोलाद होते. शंभर भागांत एक दशांश किंवा दोन दशांश भाग कर्ब असेल, तर ते कितीही लाल करून पाण्यात बुडवा, कठीण होत नाही. निदान धार धरण्याइतके होत नाही. अर्धा टक्का कर्ब झाला की पाणी चांगले चढू लागते. पाऊण टक्क्याच्या सुमारास हत्यार उत्तम धार धरते. सव्वा टक्क्याला कानस होते: दुसरे लोखंड ती खाते, पण हातातून फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे होतात. दोन टक्क्यांच्या पुढे गेलात की ते बीड. ते ओतावे, घडवू नये. म्हणजे कुंपणाच्या गजात आणि कानशीत जे अंतर आहे ते शेकड्यात एका भागाचे. डोळ्यांना ते दिसत नाही, वजनात कळत नाही. आणि कुऱ्हाडीला तर दोन विरुद्ध गुण हवेत: धार कठीण हवी, पण घाव सोसण्याइतकी चिवटही हवी. म्हणून तिची जागा या अरुंद पट्टीच्या मध्यावर, साधारण अर्धा टक्का ते पाऊण टक्का, एवढ्यातच आहे.

हा कर्बाचा हिशेब युरोपातील रसायनशास्त्रज्ञांना कळला तो अठराव्या शतकाच्या शेवटी. १७८६ साली फ्रान्समध्ये वांदरमोंद, बर्थोले आणि माँज या तिघांनी तो स्पष्ट मांडला. मग त्यापूर्वी लोहार निवड कशी करीत? मोडून. दुसरे काय करणार? आपल्याकडे ‘रसरत्नसमुच्चय’ नावाचा ग्रंथ आहे. तो सामान्यतः तेराव्या-चौदाव्या शतकातला मानतात. त्यात लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन वर्ग केले आहेत, आणि वर्गांत पोटभेद. पाहा, ते भेद कशावरून केले आहेत: एक मुंड ठोकले असता कष्टाने पसरते, दुसरे ठोकता ठोकता फुटते आणि फुटलेली जागा काळी दिसते. तीक्ष्णाचा एक प्रकार असा, की वाकवू गेल्यास मोडतो आणि मोडलेल्या जागी पाऱ्यासारखी झळाळी असते. ग्रंथ वैद्यकाचा, औषधांसाठी लिहिलेला. परंतु हे ज्ञान वैद्याच्या खलबत्त्यात जन्मलेले नाही. ते कोणा लोहाराने ऐरणीवर मिळविलेले आणि वैद्यबुवांनी ऐकून लिहून ठेवलेले आहे, असे आमचे मत आहे. आमच्या म्हाताऱ्याने आमच्यासमोर केलेली परीक्षा तीच होती. ग्रंथ त्याने पाहिलाही नव्हता.

आता कथेत मुंबई येते. १७९४ साली मुंबईतील इंग्रज डॉक्टर हेलिनस स्कॉट यांनी लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे एका देशी पोलादाच्या वड्या पाठविल्या. त्याला ते ‘वूट्झ’ म्हणत. कानडी-तेलुगूतला ‘उक्कु’ हाच शब्द इंग्रजी कानांनी असा ऐकला, असे सामान्यतः मानतात. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीत निबंध वाचला, आणि त्याच्या मथळ्यात हे पोलाद ‘मुंबईस तयार होणारे’ असे घातले! मुंबईचा संबंध टपालापुरता. माल दख्खनचा. आज तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम् सारख्या गावी मातीच्या मुशींत लोखंड व लाकूडपाला घालून, मुशी बंद करून, भट्टीत ते वितळवीत आणि हळूहळू थंड होऊ देत. ते पोलाद नेण्यासाठी इराणचे व्यापारी त्या गावी येऊन राहत.

लंडनच्या लोहारांनी या वड्या हाती घेतल्या आणि ते हैराण झाले. त्यांच्या सवयीप्रमाणे त्यांनी वडी पांढुरकी होईपर्यंत तापविली व घण मारला. वडीचा चुरा झाला. दोष वडीचा नव्हता. तिच्यात कर्ब सव्वा-दीड टक्क्यापर्यंत असे, आणि असे पोलाद मंद लाल रंगावर, हलक्या हाताने, धीर धरून घडवावे लागते. जेम्स स्टोडार्ट या हत्यारे करणाऱ्याने ही खुबी साधली आणि त्यापासून शस्त्रक्रियेची उत्तम हत्यारे केली. पुढे १८१९ पासून त्याच्या जोडीला एक तरुण शास्त्रज्ञ या पोलादाचे रहस्य शोधीत बसला. त्याचे नाव मायकेल फॅरडे. विजेच्या संशोधनामुळे तो जगाला माहीत आहे, पण तो लोहाराचा मुलगा होता हे ध्यानात ठेवावे.

वूट्झविषयी आपल्याकडे अभिमानाने पुष्कळ लिहिले जाते, आणि अभिमान रास्तही आहे. परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्याची तलवार होईल, वस्तरा होईल. नुसत्या वूट्झची लाकूडफोडी कुऱ्हाड करण्याच्या भरीस शहाणा लोहार पडणार नाही. सर्वोत्कृष्ट पोलाद आणि कामाचे पोलाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र अभिमानाच्या भरात सुटून जाते.

मग त्या काळी कुऱ्हाड कशाची करीत? दोन्हींची. हे जगभर सारखेच होते. पोलाद महाग, लोखंड स्वस्त. म्हणून मऊ लोखंडाची पट्टी मध्यावर दुमडून नेढे तयार करावयाचे, दोन्ही शेवटांच्या बेचक्यात पोलादाची एक चीप बसवावयाची, सवागी टाकून पांढऱ्या तावावर घणाने सांधावयाचे. अंग लोखंडाचे, जीभ पोलादाची. झिजून पोलाद संपले की लोहाराकडे जाऊन नवी जीभ बसवून घ्यावयाची. यात काटकसर होती तशी युक्तीही होती. धार तडकली तरी तडा मऊ अंगाशी येऊन थांबे.

ही चीप ज्या पोलादाची, त्याचा इंग्लंडातील इतिहास मोठा मनोरंजक आहे. शेफिल्डला स्वतःचे लोखंड पोलादाच्या कामी चालत नसे. त्यात गंधक व स्फुरद. चांगले लोखंड स्वीडनहून, डानेमोरा खाणीच्या परिसरातून, बोटीने येई. प्रत्येक कारखान्याचा ठसा गजावर मारलेला असे, आणि वर्तुळात एल अक्षर असा लेव्स्टा येथील ठसा दिसला, की शेफिल्डचे लोक डोळे मिटून जास्त पैसे मोजीत. हे गज दगडी पेट्यांत कोळशाच्या भुकटीत पुरून आठ-आठ दिवस तापवीत. बाहेर काढले की गजांच्या अंगावर फोड आलेले असत. मग एक अनुभवी माणूस प्रत्येक गज मोडून, मोडलेली जागा उजेडात धरून, त्याची प्रत ठरवी. पुढे या प्रतींना नावे पडली: वस्तऱ्याचे पोलाद दीड टक्क्याचे, छिन्नीचे एक टक्क्याचे, साच्याचे पाऊण टक्क्याचे. रसरत्नसमुच्चयातला पाऱ्यासारखा झळाळणारा भंग आणि शेफिल्डच्या वखारीत उजेडात धरलेला गज, यांत आम्हांला तरी फरक दिसत नाही.

या फोडांच्या पोलादात एक दोष राही. कर्ब बाहेर जास्त, आत कमी. डॉंकास्टरच्या बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला कमानींसाठी एकजीव पोलाद हवे होते. त्याने सन १७४० च्या सुमारास शेफिल्डजवळ येऊन मुशीत पोलाद वितळविण्याची कृती बसविली. शेफिल्डच्या कारागिरांनी ते प्रथम नाकारले. फार कठीण, आमच्या हाताला जमत नाही, म्हणाले. फ्रेंचांनी ते विकत घेऊन त्यांच्यापेक्षा सरस चाकू बाजारात आणले, तेव्हा यांचे डोळे उघडले.

यानंतर १८५६ साल येते, आणि आमच्या फजितीचे मूळ त्या सालात आहे. हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून थोड्या मिनिटांत टनावारी धातू तयार करण्याची रीत जाहीर केली. पहिल्याने तीही फसली; मग रॉबर्ट मशेटच्या मँगनीजच्या उपायाने आणि स्वीडनच्या योरान्सनच्या चांगल्या लोखंडाने ती रुळावर आली. रूळ, तुळया, बोटींचे पत्रे यांचा पाऊस पडू लागला. या नव्या धातूत कर्ब बहुधा अगदी थोडा असे. जुन्या व्याख्येप्रमाणे ते पोलाद नव्हेच, कारण पाण्यात बुडवून ते कठीण होत नाही. पण ते वितळवून ओतलेले होते, मळीचे धागे त्यात नव्हते, आणि पोलाद म्हटल्यावर किंमत बरी येते! १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाच्या वेळी निरनिराळ्या देशांच्या विद्वानांची समिती बसली. तिने सांगितले, की जे कठीण होते त्यालाच पोलाद म्हणा, इतराला ओतीव लोखंड म्हणा. व्यापाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हापासून कुंपणाचा गजही पोलाद आणि कानसही पोलाद. आम्हांला दुकानदाराने दिलेला ‘अस्सल पोलाद’ तो हाच.

आपल्याकडे या बदलाचा घाव दुहेरी बसला. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड गाळीत असत. विलायतेहून स्वस्त गज येऊ लागले, कोळशासाठी जंगल मिळेनासे झाले, आणि या भट्ट्या विझल्या. टाटांची कंपनी १९०७ साली स्थापन झाली आणि १९१२ साली जमशेदपूरला पहिले पोलाद निघाले. देशाचे ते भाग्यच. पण खेड्यातल्या लोहाराला त्याचा उपयोग वेगळ्या वाटेने झाला. त्याला गिरणीचा गज परवडत नसे व ठरावीक कर्बाचा तर त्याच्या बाजारात मिळतच नसे. त्याला मिळाली मोड. रेल्वेचा जुना रूळ, जुन्या कानशी, आणि मोटारी वाढल्यावर मालमोटारीच्या कमानीचा पाटा.

हा पाटा म्हणजे लोहाराला सापडलेली खाणच होती. कमानीला रोज लाखो हिसके सोसून पुन्हा सरळ व्हावयाचे असते. म्हणून तिच्यात कर्ब अर्धा ते सहा दशांश टक्का ठेवतात, आणि वर थोडे मँगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम. कुऱ्हाडीला जे हवे ते जवळजवळ हेच. आजही बाजारात ‘पाट्याचा कोयता’ म्हटले की गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते. दोष दोनच. तो पाण्यात बुडविला तर तडकण्याचा संभव, म्हणून तेलात बुडवावा. आणि जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. तेव्हा तुटलेल्या कमानीचा तुकडा घेण्यापेक्षा त्याच जातीची कोरी पट्टी मिळाली तर ती घ्यावी.

गजाच्या मापाचाही हिशेब आहे, आणि तो सोपा आहे. एक घन सेंटिमीटर पोलाद पावणेआठ ग्रॅमहून थोडे अधिक भरते. चार सेंटिमीटर रुंद व अडीच सेंटिमीटर जाड गज घेतला, तर दर सेंटिमीटरला साडेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम. नऊ सेंटिमीटर तुकड्यात सातशे ग्रॅमची लहान कुऱ्हाड बसते. पण भट्टीत खपल्या निघतात, नेढे पाडताना व कडा छाटताना माल जातो, म्हणून दहा सेंटिमीटर घ्यावे. गज फार पातळ असेल तर नेढ्याच्या दोन्ही भिंती कागदासारख्या होतात. पाटा बहुधा तसाच असतो. म्हणून लोहार पाट्याचे दोन तुकडे सांधतो, किंवा जुन्या रीतीने अंग साध्या लोखंडाचे करून त्यात पाट्याची जीभ बसवितो.

आमची दुसरी कुऱ्हाड म्हाताऱ्याने अशीच केली. पहिलीच उघडून तिच्यात त्याने पाट्याची चीप घातली. ती तापविताना त्याने जवळ लोहचुंबक ठेवले होते. चुंबक चिकटेनासे झाले, त्यानंतर आणखी थोडा ताव देऊन धार तेलात बुडविली. मग घासून उजळलेली धार पुन्हा हळूहळू तापवीत तो रंग पाहत बसला. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. पिवळ्यावर थांबलात तर वस्तरा. जांभळ्यावर थांबलात तर कुऱ्हाड. नेढ्यामागचा भाग त्याने मुद्दाम मऊच ठेवला.

तेव्हा आम्ही धीर करून त्याच्या डोळ्याविषयी विचारले. तरुणपणी त्याने हौसेने मोठ्या कानशीची एक कुऱ्हाड केली होती. तिची धार अशी होती की दंडावरचे केस उतरत. थंडीच्या दिवसांत पहाटे पहिल्याच घावाला तिची कपची उडाली, ती डोळ्यात गेली.

‘बापाने सांगितलं होतं,’ तो म्हणाला, ‘लई कडक नको. ऐकलं नाही. तुम्हीही ऐकलं नाही मास्तर, पण तुमचं पायावर निभावलं.’

ती कुऱ्हाड आमच्याकडे अजून आहे. पान्हवून पान्हवून तिची धार दोन बोटे आत आली आहे, पाट्याची चीप संपत आली आहे. नवी बसवून घ्यावी म्हणून मागे आम्ही त्या गावी गेलो होतो. ऐरण होती त्या जागी पिठाची चक्की आहे. म्हाताऱ्याचा नातू हमरस्त्यावर एका गॅरेजात मालमोटारींच्या कमानी बदलतो. निघालेले जुने पाटे तो भिंतीशी रचून ठेवतो आणि महिन्याकाठी मोडवाला ते वजनावर घेऊन जातो. आम्ही त्याच्याकडून एक चांगला, भेग नसलेला पाटा मागून घेतला. तो घडविणारा अजून मिळावयाचा आहे.